कॅप्टन कोणाला करायचं? टीममधला 'आपण' नेमका कोण सांभाळतो? (कबड्डी, खोखो, क्रिकेट सगळेच या)

तापीकाठ

राम राम मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकतो, लांब होईल पण वाचा. आमचं गाव चोपडा तालुक्यात तापीच्या अंगाला आणि गावच्या कबड्डी टीमचं मी अकरा वर्षं बघतोय. बघतो म्हणजे मॅट कुठून मागून आणायची, स्पर्धेला पिकअप कोणाची न्यायची, रात्री परत आल्यावर शेवभाजी कोणाच्या घरी करायची, सगळंच. कोच असा वेगळा कोणी नाही.

दोन वर्षांपासून आमच्याकडे एक चढाईवाला पोरगा आहे, गावातलाच. त्याच्यासारखा रेडर आमच्या गावात मी तरी पाहिला नाही. उंच आहे, हात लांब, बोनस असा घेतो की कोपरेवाला हलायच्या आत पाय परत. मागच्या सीझनला त्याला कॅप्टन केला, कोणी काही म्हटलं नाही, मलाही तेच बरोबर वाटलं. अन् तिथून आमचं बिघडत गेलं.

जानेवारीत शेजारच्या तालुक्यात स्पर्धा होती, क्वार्टर फायनल. हाफटाइमला आपण ६ पॉइंटने पुढे. दुसऱ्या हाफमध्ये हा पोरगा लागोपाठ दोनदा पकडला गेला, मागे चार राहिले, मग दोन, मग सगळी टीम बाद होऊन लोण पडला. मी टाइमआउट घेतला. तीस सेकंद असतात. त्या तीस सेकंदात आमचा कॅप्टन काय बोलला ते शब्दाला शब्द सांगतो, "मी तिकडून पॉइंट आणतो अन् तुम्ही इकडे वाटून टाकता, तुम्हाला कोपरा धरता येत नाही का". खोटं नव्हतं हो त्यात काही, कोपरा खरंच सुटत होता. पण समोरच्या टीमचा कॅप्टन, खेळायला साधारणच, सगळ्या पोरांना जवळ घेऊन खाली बसला होता आणि मला इकडे ऐकू आलं, "काही नही भो, आपलीच मॅच शे". एवढंच. आम्ही ४ पॉइंटने हरलो.

पिकअपमध्ये परत येताना तासभर कोणी बोललं नाही. मी विचार करत बसलो की आपल्या मराठीत आम्ही आणि आपण असे दोन शब्द आहेत, हिंदीवाल्यांचं एका हम मध्ये भागतं. आम्ही म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, आपण म्हटलं की तो आत येतो. लहान पोरालासुद्धा हा फरक शिकवावा लागत नाही. आणि आमच्या कॅप्टनच्या तोंडात दोन्ही नव्हते, नुसतं मी आणि तुम्ही.

आता खरी गोष्ट. आमचा उजव्या कोपऱ्याचा पोरगा सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा आहे, पावरा समाजाचा. चौदा किलोमीटर येतो, कधी सायकल, कधी काळीपिवळीला लटकून. मराठी कमी बोलतो, घरी त्यांची पावरीच. पण तो आऊट होऊन लाइनीत बसला तरी त्याचं लक्ष मॅटवर, बारक्या पोरांच्या पायाला क्रेपबँड तो बांधतो, प्रॅक्टिस संपल्यावर मॅट गुंडाळायला पहिला हात त्याचा. मागच्या जूनमध्ये पेरणीला म्हणून तो दहा दिवस आला नाही तर प्रॅक्टिसला चौदाची सहा पोरं झाली, अन् तो आला त्या दिवशी संध्याकाळी सगळी हजर. कोणी कोणाला फोन केला नव्हता. मला हे कळायला पुढे जानेवारीतली हार लागली याचं वाईट वाटतं.

आता त्याला कॅप्टन करायचं म्हणतो तर गावातले दोनचार जण म्हणून राहिले की कॅप्टन बोलका पाहिजे, पंचाशी बोलता आलं पाहिजे. आणि एकाने स्पष्टच सांगितलं, कॅप्टन गावचा पाहिजे. मला हे पटत नाही, पण पोरांचं नुकसान व्हायला नको. तुमचे अनुभव सांगा.

रावेरकर

तापीकाठ भाऊ, राग मानू नका, पण पोरं ऐकतात पॉइंट आणणाऱ्याचंच. १८ जून १९८३, टनब्रिज वेल्स, झिम्बाब्वेविरुद्ध आपले ५ बाद १७. कपिल देव एका बाजूने उभा राहिला आणि नाबाद १७५ केले. कॅप्टन असा असतो, समोर उभा राहून करून दाखवणारा. क्रेपबँड बांधणारा पोरगा चांगलाच आहे, त्याचं कौतुक करा, पण मॅटवर शेवटच्या दोन मिनिटांत ज्याच्याकडे सगळे बघतात तोच कॅप्टन. तुमच्या रेडरला बोलायचं कसं ते शिकवा, वय काय असेल त्याचं, वीस? शिकेल.

तापीकाठ

एकोणीस. आणि तुमचं म्हणणं मी सोडून देत नाही, ते माझ्याही मनात आहे.

एमपीएड_जळगाव

तापीकाठ दादा, माझा अभ्यासाचा विषय हाच आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

बेल्जियममध्ये लुव्हेन विद्यापीठात कॅट्रीन फ्रान्सेन म्हणून संशोधक आहेत. त्यांनी आणि सोबतच्यांनी नऊ सांघिक खेळांतल्या ४,४५१ खेळाडू आणि कोचना विचारलं की तुमच्या टीममध्ये खरा लीडर कोण. पण लीडर म्हणजे काय हे आधी चार भागांत वाटून घेतलं. एक जो खेळ चालू असताना डावपेच सांगतो, दोन जो जोश देतो, तीन जो मैदानाबाहेर सगळ्यांना जोडून ठेवतो, भांडण मिटवतो, आणि चार जो बाहेरच्यांशी म्हणजे आयोजक, पंच, पेपरवाले यांच्याशी बोलतो. २०१४ मध्ये हे छापून आलं. ४४ टक्के लोकांनी सांगितलं की या चारपैकी एकाही कामात आमचा कॅप्टन पहिल्या नंबरचा नाही. चारही कामात कॅप्टनच पहिला असं म्हणणारे शंभरात एक. म्हणजे तुमच्या टीममध्ये जे चाललंय ते जगभर चाललंय, तुमच्याकडून काही मोठी चूक झाली असं नाही.

दुसरं, हे आपण आलं कुठून. हेन्री ताजफेल नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, ब्रिस्टलला. १९७१ मध्ये त्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. शाळेतल्या पोरांना सांगितलं की तुम्हाला क्लेची चित्रं आवडली म्हणून तुम्ही या गटात आणि तुम्हाला कँडिन्स्कीची आवडली म्हणून त्या. खरं तर वाटणी कशीही केली होती. गटात दुसरं कोण आहे हेसुद्धा पोरांना माहीत नव्हतं, तरी पैसे वाटायला सांगितल्यावर पोरांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. म्हणजे माणूस आपण म्हणायला फार लवकर तयार होतो, त्याला फक्त कोणीतरी आत घ्यावं लागतं.

पुढे अलेक्स हॅस्लम, स्टीफन रायकर, मायकेल प्लॅटो यांनी नेत्याबद्दल मांडलं ते माझ्या शब्दात असं: तो आपल्यातला वाटला पाहिजे, आपल्यासाठी करतोय असं दिसलं पाहिजे, आपण म्हणजे कोण हे त्याने घडवलं पाहिजे, आणि ते आपण रोजच्या वागण्यात उतरेल अशा गोष्टी उभ्या केल्या पाहिजेत. तुमचा कोपरेवाला क्रेपबँड बांधतो, मॅट गुंडाळतो, ती चौथी गोष्ट आहे बघा.

रावेरकर काका, कपिलचं बरोबर आहे. पण तो आपल्यासाठी करतोय हे टीमला दिसत होतं म्हणून ते १७५ सगळ्यांचे झाले. तेच १७५ करून कोणी ड्रेसिंगरूममध्ये तुम्ही १७ वर पाच कसे गेलात म्हणून खडसावत बसला असता तर?

एक करून बघा. पोरांना चिठ्ठ्या द्या, नावं न टाकता, आणि वरच्या चार कामांसाठी कोणाचं नाव ते लिहायला सांगा. स्वतःचं लिहायचं नाही.

रावेरकर

हे चिठ्ठीचं मला आवडलं. पण निकाल काहीही आला तरी टॉसला एकच जण जातो हे विसरू नका.

माती_कबड्डी

मी जुना माणूस, आम्ही मातीत खेळलो, नांगरलेल्या वावरात पाणी मारून ग्राउंड करायचो. कॅप्टन वगैरे कोण आठवत नाही पण बडगीत (लाकडी भांड्यात) भरीत ठेचायला कोण बसायचं ते आठवतं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, सगळी टीम गोल, आणि जो हरलेल्या मॅचमध्ये सगळ्यात जास्त चुकला त्याच्या ताटात पहिलं भरीत. हे कोणी ठरवलं माहीत नाही, आमच्या आधीपासून होतं. त्या पोराला कोणी त्या रात्री एक शब्द बोलायचं नाही. चूक सांगायची ती दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर. तुमच्या पिकअपमध्ये तासभर कोणी बोललं नाही ते वाचून जीव तुटला.

पीटी_मॅडम_धुळे

माती_कबड्डी आबा, हे ताटाचं मी माझ्या पोरींना सांगणार आहे.

माझा अनुभव खोखोचा. पाटीवर आठ पोरी बसतात आणि एक पळते, बसलेल्या एकीआड एक उलट तोंडाने. म्हणजे पळणारी तुमच्या मागून येते, ती दिसत नाही, पाठीवर हात आणि खो ऐकू आला की उठायचं. न बघता विश्वास ठेवायचा खेळ आहे हा. तीन वर्षांपूर्वी माझ्या टीममध्ये होस्टेलच्या पोरी आणि शहरातल्या पोरी असे दोन तट होते आणि मला ते स्टॉपवॉचवर दिसायचं, होस्टेलची पोरगी शहरातलीला खो द्यायचं टाळून एक चौक पुढे जायची. जाणूनबुजून नव्हे, तिच्या पायालाच ते माहीत झालं होतं. डिफेंडर तेवढ्यात निसटायची.

भाषणं खूप दिली, उपयोग शून्य. मग दोन गोष्टी केल्या. बसायचा क्रम मी ठरवायचा बंद केला आणि दोन गटांतल्या एकेका पोरीला मिळून ठरवायला सांगितला, रोज नव्या जोडीने. दुसरं, आपल्याकडे कानबाईचे रोट भाऊबंदच खातात, बाहेरच्याला देत नाहीत, हे त्यांच्यातच बोलणं निघालं श्रावणात. एक पोरगी म्हणाली मॅडम मग आपण टीमचे वेगळे रोट करू. देवीचे नव्हे, देवीचं देवीला, पण पीठ प्रत्येकीच्या घरून एकेक वाटी आणायचं आणि एकत्र मळायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा होस्टेलच्या पोरींकडे पीठ नव्हतं, त्यांनी मेसच्या मावशींकडून मागून आणलं. आता प्रत्येक स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी करतात, मी सांगत नाही. ज्या दोघींनी हे सुरू केलं त्यातली एकही कॅप्टन नव्हती.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खोखो वर्ल्डकप झाला, दोन्ही फायनलमध्ये आपण नेपाळला हरवलं, मुलींची कॅप्टन प्रियांका इंगळे, मुलांचा प्रतीक वाईकर, दोघं महाराष्ट्राचे. माझ्या पोरी मोबाइलवर फायनल बघताना आपण जिंकलो म्हणत होत्या, भारत जिंकला असं एकीनेही म्हटलं नाही. 'आपण' ते हेच.

भुसावळ_जंक्शन

मी रेल्वे कॉलनीत वाढलो. तमिळ, बंगाली, यूपीवाले, मराठी, सगळ्यांची एक टीम. त्यामुळे मला वेस्ट इंडिज टीमचं फार वाटतं. वेस्ट इंडिज नावाचा देश नाही, बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद, गयाना अशा वेगळ्या जागांची टीम. कॅप्टन गोराच असायचा. १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात फ्रँक वॉरेल पूर्ण मालिकेसाठीचा पहिला कृष्णवर्णीय कॅप्टन झाला, ब्रिस्बेनची टाय टेस्ट त्यातलीच. मालिका हरले २-१ ने, तरी मेलबर्नच्या लोकांनी रस्त्यावर गर्दी करून त्यांना निरोप दिला.

आणि १९६२ मध्ये आपली टीम तिकडे गेली तेव्हा बार्बाडोसला आपला कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला चार्ली ग्रिफिथचा बॉल लागला, जीव जायची वेळ आली, तेव्हा रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडिजचा कॅप्टन वॉरेल होता. त्याचा आपण आपल्यापर्यंत पोचला होता म्हणायचा. पुढच्या टेस्टला पतौडी कॅप्टन झाला, २१ वर्षांचा. आपली टीम तेव्हा मुंबईवाले, दिल्लीवाले, मद्रासवाले अशी वाटलेली. तुम्ही भारतासाठी खेळताय हे आम्हाला पतौडीने शिकवलं असं बिशनसिंग बेदी सांगायचे. १९६८ मध्ये न्यूझीलंडला ३-१ ने परदेशातली पहिली मालिका त्याच्याच कॅप्टनशिपखाली जिंकलो.

तापीकाठ, कॅप्टन गावचा पाहिजे म्हणणाऱ्या माणसाला विचारा की बार्बाडोसचा वॉरेल जमैकाच्या पोरांचा कॅप्टन कसा झाला.

अमळनेरकर

सगळे आपण आपण करून राहिले म्हणून दुसरी बाजू सांगतो. आमच्या टीमचा आपण फार घट्ट होता, पण तो उभा होता पलीकडच्या गावावर. ते आले की मारायचे एवढंच आम्हाला जोडत होतं. एका फायनलनंतर दगड चालले, एका पोराचा डोळा जाता जाता वाचला. तो पोरगा त्यांचा होता. मी तिथे होतो, थांबवलं नाही, अजून झोपेत दिसतं. कॅप्टनने आधी एक शब्द टाकला असता तर ते झालं नसतं, आम्ही त्याचं ऐकायचो. म्हणून सांगतो, आपण कशावर बांधताय तेही बघा.

एमपीएड_जळगाव

अमळनेरकर दादा, हे लिहिलंत, बरं केलंत. इंग्लंडमध्ये मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक प्रयोग छापला. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांसमोर एक माणूस पळताना पडतो आणि विव्हळतो. त्याच्या अंगात युनायटेडचा शर्ट असला तर मदत होते, लिव्हरपूलचा असला तर फार कमी. पण त्याच चाहत्यांना आधी फुटबॉलवर प्रेम करणारे म्हणून बोलतं केलं की लिव्हरपूलचा शर्टवालाही आपला होतो. साध्या शर्टवाल्याला मात्र तेव्हाही कमीच मदत. म्हणजे कुंपण हलतं, पण कुठे हलवायचं ते आधीच बोलावं लागतं.

सातपुडा_पायथा

मी धडगावकडचा, पावराच आहे, आता शहाद्याला असतो. सगळं वाचलं. तापीकाठ भाऊ, तुमचं मन चांगलं दिसतं म्हणून मोकळं बोलतो.

मला कॉलेजला असताना कॅप्टन केलं होतं. फोटोत मी मध्ये बसलो. पण टीम कोण खेळणार ते दुसरे ठरवायचे, मला ग्राउंडवर गेल्यावर कळायचं. हरलो की मात्र कॅप्टन मी. त्यामुळे त्या पोराला आधी विचारा त्याला पाहिजे का. आणि कॅप्टन केला तर खरा करा, पहिला सात तो ठरवेल असा करा.

मराठी कमी बोलतो हे कारण मला ऐकवत नाही. चौदा किलोमीटर येऊन तो तुमच्या भाषेत खेळतो, तुमच्या गावातल्या किती पोरांना पावरीतले दहा शब्द येतात? कबड्डीत लागतात किती शब्द? धर, सोड, मागे, थांब, आता. हे पाच शब्द टीमने त्याच्या बोलीत शिकले तर समोरच्या टीमला तुमचा डावपेच कळणारसुद्धा नाही, हा फायदाच आहे. आणि एक विचारतो, राग येऊ देऊ नका, शेवभाजी गावात सगळ्यांच्या घरी होते म्हणता, कधी टीम त्याच्या पाड्यावर जेवायला गेली का?

तापीकाठ

नाही गेली. अकरा वर्षांत नाही. तुमची पोस्ट दोनदा वाचली भाऊ. थोडे दिवस द्या.

तापीकाठ

मंडळी, तीन आठवडे झाले, काय झालं ते सांगतो.

चिठ्ठ्या घेतल्या, १३ पोरं होती. पंचाशी आणि बाहेरच्यांशी बोलायला ९ जणांनी रेडरचं नाव टाकलं, ते मला अपेक्षित होतं. डावपेचाला मात्र डावा कव्हर निघाला, दहावी नापास, कधी तोंड उघडत नाही असं मला वाटायचं, पण साखळी कधी बांधायची, रेडर बोनसला जाणार की नाही ते तोच हळूच सांगतो म्हणे शेजारच्याला. मी बाहेर उभा, मला कसं ऐकू येणार. जोश देण्याला नावं विखुरली. आणि मैदानाबाहेर सगळ्यांना धरून ठेवणारा म्हणून १२ चिठ्ठ्यांवर कोपरेवाला, तेरावी त्याची स्वतःची. म्हणजे रेडरनेही त्याचंच लिहिलं होतं.

रेडरला बाजूला घेऊन बोललो. मला वाटलं पोरगा रुसेल. तो म्हणाला काका, आऊट झालो की मला वाटायचं सगळे माझ्याकडे बघून राहिले, म्हणून ओरडायचो. डोळ्यात पाणी होतं त्याच्या. एकोणीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर आपण चार माणसांचं काम ठेवलं होतं. रावेरकर, तुम्ही म्हटलं शिकेल, तो शिकतोय, टाइमआउटला आता तो आधी खाली बसतो, मग बोलतो.

मागच्या रविवारी सगळी टीम पाड्यावर गेलो. त्याच्या आईने मक्याच्या भाकरी आणि उडदाची डाळ केली, अंगणात मॅटशिवाय तासभर खेळलो, पाड्यावरची बारकी पोरं सगळ्या झाडांवर. तिथे तो वेगळाच होता हो, मोठ्याने बोलत होता, हसत होता, आमच्या पोरांना ओढून ओढून आणत होता. तिथेच त्याला विचारलं. आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, टॉसला तो जाईल (रेडरकडे बोट), बाकी मी बघतो. पहिला सात तो ठरवणार, पोरांसमोर सांगितलं. त्याने ठरवलेल्या पहिल्या सातात मला एक नाव पटलं नाही, गप्प बसलो. आणि पाच शब्द शिकून राहिले सगळे, उच्चार चुकले की तो हसतो.

गावातले ते दोनचार जण अजून नाराज आहेत, एकाने वर्गणी देत नाही म्हणून सांगितलं. बघू.

आखाजीला (अक्षय तृतीयेला) स्पर्धा आहे. जर्सी नवीन करायच्या तर पोरं म्हणतात पाठीवर गावाच्या नावाखाली पाड्याचंही नाव टाकू. छापणाऱ्याला द्यायचं तर पाड्याचं नाव बरोबर कसं लिहायचं यावर आमचे दोन मतं आहेत, सरकारी पाटीवर एक आहे आणि तिथले लोक म्हणतात वेगळं.

सातपुडा_पायथा

लोक म्हणतात ते टाका. पाटीवाल्याने ऐकून लिहिलेलं असतं, चुकीचं. त्याच्या आईकडून दोनतीनदा म्हणून घ्या आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून मला पाठवा, मी लिहून देतो. आखाजीला किती वाजता आहे मॅच? शहाद्याहून निघतो मी सकाळी.

रावेरकर

वर्गणीचं किती कमी पडतंय ते मेसेज करा भाऊ. मीपण येतो. रेडरला सांगा, बोनस बघायला येऊन राहिलो.